पंधरा मिनिटांची भेट

इटली देशाच्या उत्तर भागात मिलान नावाचे एक मोठे शहर आहे. कापड, यंत्रे आणि पेढ्या यांच्या व्यवहाराने ते सदैव गजबजलेले असते. त्या शहरात तांबड्या विटांनी बांधलेले एक जुने चर्च उभे आहे. त्याचे नाव सांता मारिया देल्ले ग्रात्सिए, म्हणजे कृपावंत मारियामातेचे देवालय. डॉमिनिकन पंथाच्या ख्रिस्ती साधूंसाठी या स्थानाची पायाभरणी १४६३ साली झाली. चर्चला लागूनच साधूंचा मठ आहे, आणि त्या मठाच्या भोजनगृहातील एका भिंतीवर लिओनार्दो दा विंची या थोर कलावंताने काढलेले 'अखेरचे भोजन' हे चित्र आहे. १९८० साली युनेस्कोने चर्च, मठ आणि चित्र या तिन्हींचा मिळून जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

हे चित्र पाहण्यासाठी जगाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येतात. हजारो मैलांचा प्रवास करून, पुष्कळ द्रव्य खर्चून ती त्या दारापाशी पोहोचतात. पण आत त्यांना किती वेळ थांबता येते? अवघी पंधरा मिनिटे! पंधरा मिनिटे सरली की रखवालदार सर्वांना नम्रपणे बाहेर जाण्यास सांगतो आणि दुसरी तुकडी आत येते. राजा असो वा रंक, वेळ सर्वांना सारखाच.

आजकाल शिक्षणाच्या वा नोकरीच्या निमित्ताने आपल्याकडील अनेक तरुण मिलानला जातात. मुलांनो, उद्या तुमच्यापैकीही कोणी जाईल. तेव्हा या पंधरा मिनिटांच्या भेटीची तयारी कशी करावी, याचा विचार आज आपण करू.

पहिली गोष्ट प्रवेशपत्राची. आपल्याकडे यात्रेला जाताना आधी घराबाहेर पडावे आणि रांगेत उभे राहून दर्शन घ्यावे, अशी रीत आहे. येथे ती चालत नाही. जागा आधी नोंदवावी लागते, आणि तीही पुष्कळ दिवस आधी. साधारणपणे पुढील तीन महिन्यांच्या जागा एकदम खुल्या होतात आणि पाहता पाहता संपून जातात. प्रवेशपत्रावर प्रत्येकाचे नाव असते, म्हणून ओळख पटविणारा कागद जवळ ठेवावा लागतो. अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेशमूल्य द्यावे लागत नाही, परंतु जागा मात्र त्यांचीही नोंदवावी लागते. सोमवारी भोजनगृह बंद असते. तेव्हा आधी विमानाचे तिकीट आणि मग चित्राचे, असा क्रम ठेवणाऱ्याची फसगत होण्याचा संभव फार. आधी चित्राचा दिवस ठरवावा आणि मग बाकीचा प्रवास त्याच्याभोवती बेतावा.

घड्याळाचाही हिशेब येथे करावा लागतो. इटलीचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या मागे असते. हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास. उन्हाळ्यात त्या देशात सर्व घड्याळे एक तास पुढे करतात, म्हणून हा फरक पडतो. नोंदणी मिलानच्या वेळेनुसार दुपारी बारा वाजता सुरू होणार असेल, तर हिवाळ्यात पुण्याच्या किंवा नागपूरच्या माणसाने किती वाजता सज्ज असावयास हवे, हे गणित तुम्हीच करून पाहा.

वाटेची चिंता मात्र फारशी नको. माल्पेन्सा विमानतळापासून शहरातील कादोर्ना स्थानकापर्यंत थेट आगगाडी आहे. तेथून चर्चपर्यंत पायी चालत गेले तरी दहा-बारा मिनिटांत पोहोचता येते. वेळेच्या आधी अर्धा तास तेथे असावे. आपली वेळ टळली तर पुढच्या तुकडीत जागा मिळेल, अशी आशा करू नये.

आता तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल, आणि तो यावयासच हवा. हा पंधरा मिनिटांचा नियम तरी कशासाठी? भिंतीवरचे चित्र, ते पाहणारांनी थोडे अधिक वेळ पाहिले, तर त्याचे काय झिजते?

त्याचे उत्तर चित्राच्या जन्मातच आहे. इटलीतील जुने चित्रकार भिंतीवर चित्र काढीत, तेव्हा ते ताज्या, ओल्या गिलाव्यावर काढीत. गिलावा चुन्याचा असे. ओला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेतो आणि हळूहळू दगडासारखा कठीण होतो. तो कठीण होताना त्यावर लावलेला रंगही त्याच्यात कायमचा बांधला जातो. अशा चित्राचा रंग भिंतीवर बसत नाही, तो भिंतीचाच भाग होतो. परंतु या रीतीत एक अडचण असते. गिलावा ओला आहे तोवरच काम उरकावे लागते. सकाळी जेवढा गिलावा लावला, तेवढे चित्र त्याच दिवशी पुरे झाले पाहिजे. मागाहून फेरबदल करावयाचे म्हटले तर तो भाग खरवडून काढावा लागतो.

लिओनार्दोचा स्वभाव या घाईला मानवणारा नव्हता. तो थांबून, विचार करून, पुनःपुन्हा हात फिरवून चित्र पुरे करणारा. मात्तेओ बांदेल्लो नावाचा एक लेखक लहानपणी त्याच मठात राहिला होता. त्याने लिहून ठेवले आहे की, एखाद्या दिवशी लिओनार्दो पहाटेच माचीवर चढे आणि अंधार पडेपर्यंत खाणेपिणे विसरून रंगवीत राही. मग पुढे तीन-चार दिवस कुंचल्यास हातही लावीत नसे, केवळ चित्रासमोर उभा राहून आपल्याच आकृत्यांची परीक्षा करी. आणि कधी भर दुपारच्या उन्हात दुसरीकडचे काम टाकून येई, एक-दोन फटकारे मारी आणि निघून जाई! मठाच्या प्रमुखाला या दिरंगाईचा राग आला व त्याने थेट राजाकडे गाऱ्हाणे नेले, अशीही एक गोष्ट सांगतात. लिओनार्दोने उत्तर दिले की, विश्वासघातकी यहूदाचा चेहरा मला अजून सापडत नाही. फारच घाई असेल तर या प्रमुखांचाच चेहरा तेथे घालतो. पुढे कोणी गाऱ्हाणे केले नाही म्हणतात. गोष्ट खरी असो वा नसो, ती सांगणाराला लिओनार्दोचा स्वभाव नेमका ठाऊक होता.

अशा माणसाने ओल्या गिलाव्याची रीत सोडली, यात नवल नाही. त्याने भिंतीवर पांढरा लेप दिला, तो वाळू दिला आणि त्या कोरड्या लेपावर सावकाश रंग चढविले. १४९५ च्या सुमारास सुरू झालेले हे काम १४९८ च्या सुमारास पूर्ण झाले. मिलानचा सत्ताधीश लुदोव्हिको स्फोर्झा याने ते करविले होते. चित्र अप्रतिम झाले. पण रंग भिंतीशी एकजीव झाला नव्हता. तो भिंतीवर केवळ चिकटला होता. आणि भिंतीत ओल होती. १५१७ साली, म्हणजे लिओनार्दो जिवंत असतानाच, एका प्रवाशाने हे चित्र बिघडू लागल्याची नोंद केली आहे.

हा दोष समजून घ्यावयाचा असेल, तर भोजनगृहातच त्याचा पुरावा आहे. समोरच्या भिंतीवर मोन्तोर्फानो नावाच्या चित्रकाराने १४९५ साली क्रूसारोहणाचा प्रसंग रंगविला आहे. तो रंगविला आहे ओल्या गिलाव्यावर. मोन्तोर्फानोचे नाव आज फारसे कोणास ठाऊक नाही. पण त्याचे रंग पाचशे वर्षांनंतरही टवटवीत आहेत. त्याच चित्राच्या खालच्या कोपऱ्यांत लुदोव्हिको, त्याची पत्नी आणि मुले यांच्या आकृत्या लिओनार्दोने कोरड्या रीतीने काढल्या होत्या. त्या मात्र जवळजवळ पुसून गेल्या आहेत. एकाच भिंतीवर, एकाच हवेत, दोन रीतींचा हा असा निकाल लागला आहे! बहुतेक पाहुणे या भिंतीकडे पाठ करूनच उभे राहतात. तुम्ही तसे करू नका.

निसर्गाने जे आरंभिले, त्यात माणसाने भर घातली. १६५२ साली साधूंना स्वयंपाकघराकडे जाणारा दरवाजा मोठा करावयाचा होता, म्हणून त्यांनी चित्राच्या मधोमध खालची बाजू फोडली; त्यात येशूचे पाय गेले. पुढे ज्यांनी ज्यांनी दुरुस्ती केली, त्यांतील कित्येकांनी मूळ रंगावर आपलाच रंग फासला. १७९६ साली फ्रेंच सैन्य मिलानमध्ये शिरले, तेव्हा या भोजनगृहात घोडे बांधले गेले. आणि १९४३ साली, दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट महिन्याच्या १५ तारखेच्या रात्री मिलानवर विमानांतून बाँब पडले. भोजनगृहाचे छप्पर कोसळले, उजवीकडची सबंध भिंत जमीनदोस्त झाली. चित्राची भिंत तेवढी उभी राहिली. युद्धाची चाहूल लागताच तेथील जाणत्या माणसांनी चित्राच्या दोन्ही अंगांना वाळूची पोती रचून आणि लाकडी आधार देऊन ठेवला होता. ते पोत्यांचे काम कोणी केले, त्यांची नावे प्रवेशपत्रावर छापलेली नसतात. पण त्यांनी ते केले नसते तर आपल्या या पाठाला विषयच उरला नसता.

१९७७ साली चित्राची मोठी दुरुस्ती सुरू झाली. ती पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन या बाईंच्या हाती होती. सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहत, बोटभर जागेवर दिवसेंदिवस काम करीत, त्यांनी शतकानुशतकांची काजळी आणि दुसऱ्यांनी फासलेले रंग उतरविले. हे काम १९९९ साली संपले. एक चित्र काढावयास लिओनार्दोला तीन-चार वर्षे लागली. ते स्वच्छ करावयास वीस वर्षांहून अधिक! जेथे मूळ रंग मुळीच उरला नव्हता, तेथे बाईंनी नवा चेहरा रंगविला नाही. त्या जागी फिकट जलरंगाचा हलका हात दिला, म्हणजे पाहणाराला अस्सल कोणते आणि भर कोणती हे ओळखता यावे. यावर टीकाही झाली. चित्रात आता लिओनार्दो थोडाच उरला, असे काही जण म्हणाले. मला मात्र वाटते की, खोट्या चेहऱ्यापेक्षा खरी पोकळी बरी.

या गोष्टीचा आपल्या महाराष्ट्राशीही एक धागा जुळतो. अजिंठ्याची चित्रे तुम्ही पाहिली असतील, निदान त्यांविषयी वाचले असेल. तीही कोरड्या लेपावर काढलेली आहेत, आणि तीही काळाच्या ओघात भिंतीपासून सुटू लागली. अजिंठा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाने १९२० साली लोरेन्झो चेक्कोनी नावाच्या इटालियन तज्ज्ञाला, एका सहकाऱ्यासह, मुद्दाम बोलावून घेतले. त्यांनी सुटणारे रंग जागच्या जागी चिकटविले आणि पुष्कळ चित्रे वाचविली. परंतु आधी चित्रांच्या नकला करणारांनी आणि मागाहून या तज्ज्ञांनी जी रोगणे वर चढविली, ती पुढे पिवळी व काळपट पडली आणि भारतीय रसायनतज्ज्ञांना ती जपून उतरवावी लागली. चित्र वाचविणाऱ्याचा हातही किती सांभाळून पडावा लागतो, हे यावरून ध्यानात येईल.

आता पुन्हा मिलानकडे वळू. दुरुस्त झालेल्या चित्राला आज सर्वांत मोठे भय कोणाचे आहे? आपले! आपण श्वास सोडतो, त्यातून वाफ बाहेर पडते. आपल्या कपड्यांवर आणि जोड्यांवर रस्त्याची धूळ असते. एका माणसाची वाफ ती केवढी. पण दिवसभर माणसांची रीघ लागली, तर दालनाची हवा दमट होते, धूळ साचते आणि रंगाचे पापुद्रे पुन्हा सुटू लागतात. म्हणून आत जाणारांची तुकडी लहान ठेवतात. वाटेत काचेच्या दारांच्या बंद खोल्या केल्या आहेत. मागचे दार लागल्यावाचून पुढचे उघडत नाही, आणि मधल्या वेळात तेथील हवा गाळली जाते. मग भोजनगृहाचे दार उघडते.

तेथून पंधरा मिनिटे मोजली जातात. ती पुरतील की नाही, हे आपण घरून काय घेऊन आलो यावर अवलंबून आहे. म्हणून खरी भेट मिलानला जाण्याच्या आधी, येथेच सुरू करावयाची.

प्रथम चित्राचा आकार अंगवळणी पाडा. ते सुमारे ८.८ मीटर लांब आणि ४.६ मीटर उंच आहे. पुस्तकातील छापील चित्र तळहाताएवढे असते, त्यामुळे डोळ्यांची फसगत होते. शाळेच्या पटांगणावर खडूने तेवढा चौकोन आखा. त्याच्या खालच्या भागात एक लांब मेज आखा आणि तेरा जणांना मेजाच्या एकाच बाजूस उभे करा: मध्ये एक, आणि दोन्हीकडे तीन-तीनांचे दोन गट. चित्रातील आकृत्या खऱ्या माणसांहून मोठ्या आहेत, हे लक्षात ठेवा.

मग प्रसंग वाचा. बायबलात तो आला आहे. येशू ख्रिस्त आपल्या बारा शिष्यांसह भोजनास बसला आहे. पकडले जाण्यापूर्वीचे त्याचे हे अखेरचे भोजन. जेवता जेवता तो म्हणतो की, तुमच्यापैकीच एक जण माझा घात करणार आहे. हे शब्द उच्चारल्यानंतरचा क्षण लिओनार्दोने पकडला आहे. पाण्यात खडा पडल्यावर लाटा दोन्ही काठांकडे धावाव्या, तसे ते शब्द मेजाच्या दोन्ही टोकांकडे गेले आहेत. येशू स्वतः शांत आहे, हात मेजावर पसरलेले. त्याच्या लगत उजव्या अंगाला, म्हणजे आपल्या डावीकडे, तरुण योहान, रागावलेला पेत्र आणि त्या दोघांच्या पुढे यहूदा असे तिघे आहेत. पेत्राच्या हातात सुरी आहे. यहूदा मागे रेलला आहे आणि त्याच्या मुठीत पैशांची थैली आहे. दुसऱ्या अंगाला थोमा एक बोट वर करून काही विचारीत आहे. याकोबाने दोन्ही हात पसरले आहेत. फिलिप आपल्या छातीशी हात नेऊन जणू 'मी तर नव्हे ना?' असे विचारीत आहे. टोकाचे तिघे आपापसांतच वाद करीत आहेत. इतर चित्रकार यहूदाला मेजाच्या अलीकडे एकटा बसवीत, म्हणजे अपराधी कोण हे लहान मुलालाही कळावे. लिओनार्दोने त्याला सर्वांमध्येच बसविले. तो कोणता, हे आपल्याला हातांवरून शोधावे लागते. वर्गात एकेकाने एकेका शिष्याची मुद्रा घेऊन पाहिली, तर ही गोष्ट वाचण्यापेक्षा लवकर उमगेल.

आणखी एक गोष्ट पट्टी-पेन्सिलीने करावयाची. छापील चित्रातील छताच्या तुळयांच्या आणि बाजूच्या भिंतींच्या रेषा पुढे वाढवा. त्या सर्व एकाच बिंदूत मिळतील. तो बिंदू येशूच्या कानशिलावर येतो. दुरुस्तीच्या वेळी नेमक्या त्याच जागी भिंतीला एक बारीक छिद्र सापडले. लिओनार्दोने तेथे खिळा ठोकून दोरी बांधली असावी आणि ती ताणून रेषा आखल्या असाव्यात. घराची चौकट बसविताना आपला सुतार याहून निराळे काय करतो!

एवढी तयारी झाल्यावर आतील पंधरा मिनिटांचा बेत आखणे कठीण नाही. दार उघडताच चित्राकडे धावू नका. पहिली मिनिटे दूर, दालनाच्या मागच्या भागात उभे राहा. साधू येथे मुकाट्याने जेवत आणि समोर ते भोजन पाहत. चित्रातील खोली म्हणजे जणू त्यांच्याच दालनाचा पुढचा भाग. चित्रातील उजेड डावीकडून येतो, कारण दालनाच्या खऱ्या खिडक्याही डावीकडेच आहेत. दुरून पाहिल्यावाचून ही किमया कळत नाही. उजवीकडची भिंत पाहा. ती १९४३ नंतर नव्याने बांधलेली आहे. मग पुढे व्हा. दरवाजा फोडल्याची कमान दिसेल. येशूचे पाय कसे होते हे आपल्याला ठाऊक आहे, ते केवळ जुन्या नकलांमुळे. त्यांतील एक नक्कल लिओनार्दोचा अनुयायी जाम्पिएत्रिनो याने केली होती. मेजावरील ताटे पाहा. त्यांत शिष्यांच्या वस्त्रांचे रंग प्रतिबिंबित झाले आहेत. काजळीखाली शतकानुशतके लपलेली ही प्रतिबिंबे आपल्या आजोबांच्या पिढीला दिसली नव्हती. हात पाहून झाले की चेहरे पाहा. शेवटची तीन-चार मिनिटे मागे वळून मोन्तोर्फानोला द्या.

छायाचित्र घेण्यास मनाई नाही. प्रखर दिवा मात्र लावू देत नाहीत. तरीही हा वेळ यंत्रात डोळा घालून दवडावा का, याचा विचार ज्याचा त्याने करावा. उत्तम छायाचित्रे बाहेर पाहिजे तितकी मिळतात.

चर्च मात्र घाई न करता पाहता येते. तेथे आजही उपासना चालते, म्हणून खांदे व गुडघे झाकतील असे कपडे घालावे आणि हलक्या आवाजात बोलावे. दुपारी काही तास ते बंद असते, तेव्हा वेळ आधी पाहून ठेवावी. आत शिरताच लांबट, काहीसा अंधारा भाग लागतो. तो जुना, ग्विनिफोर्ते सोलारी याच्या हातचा. पुढे चालत गेले की एकाएकी छत उंच होते आणि भव्य घुमटाखाली लख्ख उजेड दिसतो. लुदोव्हिकोला तेथे आपल्या घराण्याची समाधी करावयाची होती, म्हणून त्याने १४९२ पासून हा भाग नव्याने बांधविला. हे काम ब्रामान्ते याचे मानतात. हाच ब्रामान्ते पुढे रोमला गेला आणि संत पीटरच्या प्रचंड देवालयाचा पहिला आराखडा त्याने केला. लुदोव्हिकोची पत्नी बेआत्रिचे १४९७ साली ऐन तारुण्यात वारली, तिला येथेच पुरले. त्याचे राज्य १४९९ साली फ्रेंचांनी घेतले आणि तो स्वतः फ्रान्समध्ये कैदेत मेला. राज्य गेले, समाधीचा बेत अपुरा राहिला. घुमट तेवढा उभा आहे.

घुमटाच्या लगतच एक लहानसा चौक आहे. चारी बाजूंनी कमानी, मध्ये पाण्याचे कारंजे, आणि कारंज्याच्या काठावर कांस्याचे बेडूक बसविलेले. त्यांच्यामुळे त्याला बेडकांचा चौकच म्हणतात. चित्र पाहून झाल्यावर तेथे बसावयास मिळाले, तर एक काम करा. वही काढा आणि छापील चित्राकडे न पाहता तेरा जणांचे हात आठवून आखा. किती जणांचे आठवतात, ते मोजा.

अभ्यास

१. ओल्या गिलाव्यावरील चित्र टिकते आणि कोरड्या लेपावरील चित्र सुटू लागते, याचे कारण आपल्या शब्दांत सांगा.
२. मोन्तोर्फानोच्या चित्राकडे पाहण्यास लेखकाने का सांगितले आहे?
३. 'खोट्या चेहऱ्यापेक्षा खरी पोकळी बरी' या मताशी तुम्ही सहमत आहात काय? वर्गात दोन्ही बाजूंनी बोला.
४. वाक्यांत उपयोग करा : अंगवळणी पाडणे, जमीनदोस्त होणे, फसगत होणे.
५. मिलानची नोंदणी दुपारी बारा वाजता सुरू होते असे धरून, जानेवारीत व जुलैत भारतीय वेळ काय असेल ते लिहा.